आजोबांच्या वस्तऱ्याला पुन्हा धार

माळा आवरताना कधीतरी एक लांबट पुठ्ठ्याची डबी हाती लागते. झाकण उघडलं की आत दुमडून ठेवलेला वस्तरा. पात्यावर तांबूस गंज, मुठीवर धूळ, आणि घरातलं मोठं कुणी लांबूनच म्हणतं, "अगं, हा तर अण्णांचा!" पुढे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. तो वस्तरा पुन्हा डबीत जातो आणि गंजत राहतो. नाहीतर घरातलं एखादं उत्साही माणूस त्याच रविवारी धार लावायला बसतं आणि संध्याकाळपर्यंत पातं कायमचं बिघडवून ठेवतं.

तिसराही मार्ग आहे, आणि आजचं सदर त्याबद्दल. वस्तऱ्याला धार लावणं ही काही गुप्त विद्या नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, थोड्या आठवड्यांच्या सरावाने ती जमते. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की करा. आपण धार 'लावणं' म्हणतो खरं, पण दगडावर काहीच लावलं जात नाही, पोलाद काढलं जातं. आणि काढलेलं पोलाद परत येत नाही. म्हणून या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर कुठे थांबायचं ते ओळखणं.

आधी वस्तरा वाचा

घासायला काही घेण्याआधी वस्तरा उजेडात धरा. पात्याचा जो भाग मुठीपाशी अरुंद होत जातो, तिथे बहुधा छाप असतो. जुन्या वस्तऱ्यांवर दोन गावांची नावं पुन्हा पुन्हा दिसतात: इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन. शेफील्डजवळ १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि तिथल्या पात्यांचं नाव जगभर झालं. झोलिंगेनच्या नावाला तर १९३८ पासून जर्मनीत कायद्याचं संरक्षण आहे.

छापावरून वयाचाही अंदाज येतो. मुकुटाशेजारी 'व्ही आर' ही अक्षरं असतील तर ती व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातली. 'वेस्ट जर्मनी' असं लिहिलेलं असेल तर वस्तरा १९४९ ते १९९० या दरम्यानचा. नुसतं 'जर्मनी' दिसलं तर लक्षात ठेवा, परदेशी मालावर मूळ देशाचं नाव टाकायला लावणारा ब्रिटिश कायदा १८८७ चा आहे.

१९०४ मध्ये किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं आणि घरोघरी दाढी करणं सोपं झालं. तरी आपल्याकडे न्हावीदादांच्या धोकटीत खरा वस्तरा पुढे कित्येक वर्षं टिकला. जावळ, मुंज, रोजची दाढी, सगळं त्याच्यावरच व्हायचं. नंतर एकदाच वापरून फेकायच्या अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला आणि धारेचे दगड कोपऱ्यात गेले.

हा वस्तरा वाचेल का?

भिंग घ्या. भिंग नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून फोटो काढून मोठा करून पाहा. चार गोष्टी तपासा.

पहिली, तडा. पात्यावर धारेपासून पाठीकडे जाणारी केसासारखी रेघ दिसली तर विषय तिथेच संपला. असं पातं दाढी करताना तुटू शकतं. तो वस्तरा पुसून, तेल लावून आठवण म्हणून ठेवा.

दुसरी, धारेजवळचा गंज. पात्याच्या मधोमध काळे डाग असतील तर चिंता नको, ते वयाचे डाग आहेत. लालसर, बोटाला लागणारा गंज मात्र अजून पोलाद खातो आहे. आणि नेमक्या धारेवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर तेवढं पोलाद घासून काढल्याशिवाय सलग धार मिळणार नाही.

तिसरी, पाठ. पात्याची जाड बाजू दोन्हीकडून सारखी आहे का? आधीच्या कुणी दाबून घासलं असेल तर पाठीवर रुंद, चपटा पट्टा दिसतो.

चौथी, मूठ. शिंग, आबनूस, सेल्युलॉइड, बेकेलाइट, हस्तिदंत, अशा अनेक वस्तूंच्या मुठी असायच्या. सेल्युलॉइड जुनं झालं की विरघळायला लागतं आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने पातं गंजतं. सगळा वस्तरा ठीक असून मुठीत झाकलेला भागच गंजलेला असेल, तर संशय मुठीवर घ्या. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, म्हणून ज्योतीपासून दूर ठेवा. आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्ररेषांची जाळी दिसली तर ते हस्तिदंत असू शकतं. आपल्या देशात हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो वस्तरा 'अँटिक' म्हणून ऑनलाइन विकायला काढू नका.

साफसफाई: पितळेची रीत इथे चालत नाही

आपल्या घरांत जुनं भांडं म्हटलं की चिंच, कोकम किंवा लिंबू हाती येतं. पितळेला ते छान. वस्तऱ्याचं कार्बन पोलाद मात्र आंबटाने काळवंडतं आणि नीट धुतलं-पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी आणखी गंजतं.

त्याऐवजी शिलाई मशीनचं तेल घ्या. पात्याला आणि खिळीच्या सांध्यात दोन-दोन थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जुन्या सुती कापडाने पुसा. नेहमी पाठीकडून धारेकडे, कापड बाहेर निघेल असं पुसायचं. धारेवरून आडवं किंवा धारेकडून पाठीकडे कधीच नाही. गंजलेली धारसुद्धा बोट कापते. सांध्यातली घाण तेलात भिजवलेल्या जाड दोऱ्याने काढता येते.

उरलेल्या गंजासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा, मग २००० नंबरचा, आणि शेवटी भांड्यांचं मेटल पॉलिश. पात्यावर सोनेरी अक्षरं किंवा नक्षी असेल तर तो भाग सोडून द्या. त्या सोन्याचा थर इतका पातळ असतो की दोन मिनिटांच्या पॉलिशमध्ये उडून जातो. आरशासारखी चकाकी आणायचा हट्ट नको. काळे डाग दाढीच्या आड येत नाहीत.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, पातं 'निर्जंतुक' करायला गॅसच्या ज्योतीवर धरू नका. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. धार निळसर झाली की ती मऊ पडली असं समजा, मग कितीही घासा, टिकणार नाही. दोन, सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारे दादा गल्लीत आले की वस्तरा त्यांच्या हाती देऊ नका. त्यांचं चाक विळीला आणि कात्रीला योग्य. वस्तऱ्याचं पातळ पातं त्या कोरड्या चाकावर क्षणात तापतं आणि त्याचा आकार जातो.

पाठीतच दडलेला कोन

वस्तऱ्याची एक गंमत स्वयंपाकघरातल्या सुरीत नाही. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीतच असतो. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साधारण साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन सुमारे १६ अंश येतो. सुरीचा याच्या दुपटीच्या आसपास असतो.

म्हणून पहिला नियम: पाठ दगडावरून कधी उचलायची नाही. दुसरा नियम: पाठही धारेबरोबर झिजते, म्हणून सुरुवातीच्या खरखरीत दगडावर पाठीला इन्सुलेशन टेपचा एक थर लावा. टेप झिजली की बदला, आणि एकदा लावली तर शेवटच्या दगडापर्यंत ठेवा. मध्येच काढली तर कोन बदलतो आणि आधीची मेहनत वाया जाते.

दगड कोणते?

हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा करडा दगड वस्तऱ्यासाठी फार भरड. पाण्यावर चालणारे कृत्रिम दगड घ्या: १००० ग्रिट, ४००० किंवा ५००० ग्रिट, ८००० ग्रिट आणि जमल्यास १२००० ग्रिट. आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. यातल्या बऱ्याच दगडांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, आणि त्याचंच नैसर्गिक रूप म्हणजे आपला कुरुंद. त्याचं इंग्रजी नाव 'कोरंडम' हे तमिळमधूनच तिकडे गेलं. बेल्जियमच्या आर्डेन भागातला कॉटिक्युल नावाचा पिवळसर दगडही वस्तऱ्यांसाठी नावाजलेला. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. पण तो महाग, शिकण्यासाठी त्याची गरज नाही.

खर्च कमी ठेवायचा असेल तर जाड सपाट काचेवर चिकटवायची लॅपिंग फिल्म मिळते. १२, ९, ३ आणि १ मायक्रॉन अशा पट्ट्या पुरतात.

दगड सपाट हवा. पेन्सिलीने त्यावर चौकटी आखा आणि सपाट काचेवर ठेवलेल्या ओल्या वॉटर पेपरवर घासा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला.

पहिला दगड, खरी परीक्षा

धारेच्या दोन्ही बाजूंना काळ्या मार्करने रेघ ओढा. १००० च्या दगडावर पाणी घ्या, पातं आडवं ठेवा, धार पुढे करून, जणू दगडाचा पापुद्रा सोलायचा आहे अशा रीतीने पुढे न्या. टोकाला पोचलं की पाठीवर पालथं करा आणि परत आणा. पुढे एकदा, मागे एकदा, ही एक फेरी. दगड पात्याहून अरुंद असेल तर टाचेपासून टोकाकडे थोडं तिरकं ओढत न्या, म्हणजे सगळी धार दगडाला लागते.

पाच फेऱ्यांनंतर शाई पाहा. जिथली उडाली तिथे दगड लागतो आहे, जिथे शिल्लक तिथे लागत नाही. शाई धारेपर्यंत पोचून उडाली नाही, तर अजून दोन्ही उतार एकमेकांना भेटलेले नाहीत. सुरुवात करणाऱ्याला इथे हमखास वाटतं की जोर लावावा. लावू नका. पातं पातळ आहे, दाबलं की वाकतं आणि दगड नको तिथे लागतो. बोटांचं वजन पुरे.

वीस-वीस फेऱ्या करून थांबा, पुसा, पाहा. किती फेऱ्या लागतील हे कुणी सांगू शकत नाही. एखाद्या वस्तऱ्याला चाळीस पुरतात, एखाद्याला दोन संध्याकाळी. दिव्याखाली धार वर करून धरा. कुठे चमकणारा ठिपका दिसला तर तिथे धार बोथट आहे, कारण नीट भेटलेली धार प्रकाश परावर्तित करत नाही. मग हातावरचे केस टाचेजवळ, मध्ये आणि टोकाजवळ, तिन्ही ठिकाणी सहज निघतात का ते बघा. निघाले की १००० चं काम संपलं. त्यानंतरची प्रत्येक फेरी म्हणजे वस्तऱ्याचं आयुष्य कमी करणं.

हा टप्पा नीट न होता पुढच्या दगडावर गेलात तर काहीही उपयोग नाही. पुढचे दगड धार बनवत नाहीत, फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे बारीक करतात. ४०००, मग ८०००, मग १२०००. दर वेळी जोर आधीहून कमी. शेवटी तर पात्याचं स्वतःचं वजनच पुरतं. दगड बदलताना पातं आणि हात धुवा. भरड दगडाचा एक कण बारीक दगडावर आला तरी धारेवर ओरखडा पडतो.

चामड्याचा पट्टा

दगडाचं काम महिन्यांतून एकदा, पट्ट्याचं रोज. पट्ट्यावर दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. विसरून धार पुढे गेली तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. पट्टा ताणून धरा, पातं आडवं ठेवा आणि टोकाला पोचल्यावर पाठ न उचलता तिच्यावरच गिरकी द्या. आधी जाड सुती बाजूवर २० फेऱ्या, मग चामड्यावर ५०-६०. पहिले चार दिवस इतकं हळू करा की पाहणाऱ्याला कंटाळा यावा. न्हाव्याच्या हातचा तो झपझप आवाज सिनेमात छान वाटतो, पण वेग नंतर आपोआप येतो.

दाढीने धार का जाते?

केस पोलादाहून कितीतरी मऊ, तरी धार बोथट का होते? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. त्यांनी दाढीच्या ब्लेडची धार सूक्ष्मदर्शकाखाली केस कापताना पाहिली. धार नुसती झिजत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते. केस तिरका वाकून धारेच्या अशा जागी लागला, जिथे पोलादाची घडण एकसारखी नाही, की टवका उडतो. हे मोठ्या पडद्यावर आलं, इतकंच. कोमट पाण्याने दाढी भिजवून साबणाच्या फेसात काही मिनिटं मुरवण्याची रीत मात्र जुनीच. भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. मराठीत 'बिनपाण्याने हजामत' हा वाक्प्रचार अपमानासाठी वापरतात, तो उगीच नाही.

पहिल्या दिवशी फक्त एका गालावर प्रयत्न करा, बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने. कातडी ताणून धरा, पातं गालाशी साधारण ३० अंशांत ठेवा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने छोटे हात घ्या. हनुवटी आणि गळा महिनाभर थांबू शकतात. वस्तरा ओढताना केस खेचले गेले तर जोर न लावता थांबा आणि पट्ट्याकडे परत जा. हात थरथरत असतील, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील किंवा चेहऱ्यावर फोड-पुरळ असेल तर हा प्रयोग नकोच.

घरच्यांसाठी तीन नियम

एक वस्तरा, एक माणूस. भावाभावांतही तो वाटून घ्यायचा नाही. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरू शकतो, आणि रक्त डोळ्यांना दिसण्याइतकं असायलाच हवं असं नाही. जुन्या बाजारातून आणलेला वस्तरा साबणाने धुऊन ७० टक्के अल्कोहोलच्या द्रावणात ठेवा. ब्लीच वापरू नका, त्याने पोलाद गंजतं.

मुलं असतील त्या घरात वस्तरा कुलपात. बाथरूममध्ये तर नाहीच, तिथली दमट हवा पात्याची वैरीण.

वापरल्यावर धुवा, पुसा, दुमडण्याआधी तासभर उघडा ठेवा. मुंबई, गोवा, मंगळुरू, कोलकाता अशा दमट गावांत राहत असाल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवू नका, चामडं ओलावा धरून ठेवतं.

सुरुवात कुठून?

आजोबांच्या वस्तऱ्यापासून नको. जुन्या बाजारात एखादा साधा, छाप पुसलेला वस्तरा मिळतो. पहिले दोन-तीन महिने हात त्याच्यावर बसवा. घरातला वस्तरा तोवर तेल लावून ठेवा, त्याला घाई नाही. आणि शेवटी जर वाटलं, की दाढी नकोच, नुसता गंज थांबवून तो जपायचा आहे, तर तेही पूर्ण काम आहे. पात्यावर अण्णांच्या दगडाच्या खुणा तशाच राहतील.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बडोद्याला की हैदराबादला, तुमच्या भागातलं सगळ्यात जुनं केशकर्तनालय शोधा. तिथे उतारवयाचे कुणी काका असतील, तर त्यांना विचारा की पूर्वी दगड आणि पट्टा कसा वापरायचे. महाराष्ट्राबाहेर असाल तर 'वस्तरा' म्हणण्याऐवजी 'उस्तरा' म्हणा, लगेच कळेल. अर्धं ब्लेड येण्याआधी ज्यांनी रोज वीस-वीस दाढ्या केल्या, त्यांच्या मनगटाची गिरकी पाच मिनिटं पाहिलीत तर वर लिहिलेलं निम्मं सोपं होईल. त्यांची परवानगी घेऊन फोनवर व्हिडिओही करून ठेवा. असे हात आता थोडे उरले आहेत.